रोज एक कोपरा

(घरातील अडगळ रोज थोडी थोडी कशी कमी करावी आणि घराबाहेर गेलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या घरात एक तरी जागा अशी असेल, की तिथे काय काय ठेवले आहे ते कोणालाच नीट सांगता येत नाही. कधी तो माळा असतो, कधी पलंगाखालची पेटी, कधी जिन्याखालचा कोपरा, तर कधी कपाटाचा सर्वांत वरचा खण. तिथे तुटलेली छत्री असते, बंद पडलेले घड्याळ असते, मागच्या वर्षाच्या वह्या असतात आणि कोणत्या कुलपाच्या आहेत ते आठवत नाही अशा किल्ल्या असतात. रोज उपयोगी न पडणाऱ्या आणि जागा अडवून बसलेल्या अशा सामानाला मराठीत ‘अडगळ’ म्हणतात.

छत्रपती संभाजीनगर शहरातील गारखेडा या भागाचे उदाहरण घ्या. हे मुळात एक खेडे होते, हे नावावरूनच कळते. शहर वाढत गेले आणि खेडे शहरात मिसळून गेले. आज सूतगिरणी चौक, विभागीय क्रीडा संकुल, गजानन महाराज मंदिर हा सारा परिसर माणसांनी आणि वाहनांनी गजबजलेला असतो. खेड्यातल्या घराला अंगण असते, परसदार असते. जास्तीचे सामान तिथे मावते. शहरात मात्र पुष्कळ कुटुंबे दोन-तीन खोल्यांत राहतात. त्यातच शहराला पाणी येते ते सुमारे ५० किलोमीटर दूर असलेल्या पैठणच्या जायकवाडी धरणातून. कित्येक वर्षे येथील नळांना रोज पाणी आले नाही, काही दिवसांच्या अंतराने आले. त्यामुळे घरोघरी टाक्या, पिंपे आणि कळश्या भरून ठेवण्याची सवय लागली. घर लहान, त्यात पाण्याची भांडी आणि त्यात अडगळ. मग अभ्यासाला बसायला जागा कुठून मिळणार?

अडगळीमुळे फक्त जागा जाते असे नाही. जुन्या कागदांना आणि लाकडाला वाळवी लागते. कपड्यांच्या गाठोड्यात उंदीर बिळे करतात. मराठवाड्यात विंचू पुष्कळ. त्यांना अंधारी, न हलवलेली जागा फार आवडते. गच्चीवर टाकलेले टायर, फुटके डबे आणि रिकाम्या कुंड्या यांत पावसाचे पाणी साठते. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्या अंड्यांपासून नवे डास तयार व्हायला सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत, असे आरोग्य खाते सांगते. त्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतात. गच्चीवरचा रिकामा डबा खाली आणला, तर त्याच्यासाठी कोरडा दिवस पाळावाच लागणार नाही!

तुम्ही म्हणाल, “आमच्या घरी दर वर्षी सफाई होते. ईदच्या आधी सगळे घर धुऊन निघते.” शेजारच्या घरी दिवाळीच्या आधी असेच होते. ही प्रथा चांगलीच आहे. पण त्या दिवशी काय होते ते आठवून पाहा. सकाळी सगळे सामान अंगणात येते. दुपारपर्यंत सगळे थकतात. संध्याकाळ होऊ लागली, की “ठेवा आता तसेच परत” असे म्हणून अर्धे सामान पुन्हा माळ्यावर जाते आणि उरलेले घाईघाईने कचऱ्यात जाते. ठेवलेले कशासाठी ठेवले आणि टाकलेले का टाकले, याचा विचार करायला कोणालाच वेळ मिळत नाही.

यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे रोज थोडे काम करणे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ अशी मराठीत म्हण आहे. उर्दूत आपण ‘कतरा कतरा दर्या होता है’ असे म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच. आता हिशेब करू. रोज १५ मिनिटे दिली, तर ३० दिवसांत ४५० मिनिटे होतात. म्हणजे साडेसात तास. एवढ्या वेळात घराची एक मोठी सफाई होते आणि एकाही दिवशी कोणी थकत नाही. रोज पाच वस्तूंचा निकाल लावला, तर महिन्यात १५० वस्तू होतात.

आता हे काम कसे करायचे ते पाहू.

रोज एकच जागा निवडा. एक खण, एक फळी किंवा एक पिशवी पुरे. आज खण, उद्या माळा असे मोठे बेत करू नका. घड्याळ लावून बसा. पंधरा मिनिटे झाली, की थांबा. निवडलेल्या जागेतले सगळे सामान बाहेर काढा, जागा पुसून घ्या आणि सामानाचे चार ढीग करा. पहिला ढीग ठेवण्याच्या वस्तूंचा. दुसरा, कोणाला तरी देण्याच्या वस्तूंचा. तिसरा, विकण्याच्या वस्तूंचा. चौथा, टाकण्याच्या वस्तूंचा. प्रत्येक वस्तू हातात घेतली, की स्वतःला तीन प्रश्न विचारा : ही वस्तू गेल्या वर्षभरात वापरली का? ती मोडली असेल, तर दुरुस्त होईल का? ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल का? उत्तर मिळाले, की वस्तूला तिचा ढीग मिळतो.

माळा आवरताना मोठ्या माणसाला सोबत घ्या. अंधाऱ्या कोपऱ्यात एकदम हात घालू नका. आधी काठीने सामान हलवा. नाकाला रुमाल बांधा, म्हणजे धुळीचा त्रास होणार नाही.

काही वस्तूंबाबत मात्र उत्तर मिळत नाही. ठेवावी असेही वाटते आणि काढून टाकावी असेही वाटते. अशा वेळी कारखान्यांत काय करतात ते पाहा. आपल्या शहराजवळ वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती आहेत. तेथे तुमच्या ओळखीचे कोणी काम करत असेल, तर त्यांना ‘फाइव्ह एस’ म्हणजे काय ते विचारा. ही जपानी कारखान्यांत तयार झालेली पद्धत आहे. ती आता जगभर वापरतात. तिच्यात पाच पायऱ्या आहेत. सेइरी म्हणजे नको असलेले सामान वेगळे काढणे, सेइतोन म्हणजे हवे असलेले सामान जागेवर लावणे, सेइसो म्हणजे सफाई, सेइकेत्सु म्हणजे सर्वांनी एकच पद्धत पाळणे आणि शित्सुके म्हणजे शिस्त. पहिल्या पायरीवर ज्या वस्तूबाबत शंका असते, तिला लाल चिठ्ठी बांधून ती बाजूला ठेवतात. ठरलेल्या दिवसांत कोणी ती मागितली नाही, तर ती काढून टाकतात. घरीही असे करता येते. एका खोक्यावर आजची तारीख लिहा आणि शंकेच्या वस्तू त्यात ठेवा. तीन महिन्यांत खोके उघडण्याची गरज पडली नाही, तर त्यातील वस्तूंची घराला गरज नाही असे समजायला हरकत नाही.

एक नियम मात्र कधीही मोडू नका. जी वस्तू तुमची नाही, तिचा निकाल तुम्ही लावू नका. दादीच्या पेटीत एक जुनी हिमरू शाल असेल. तुम्हाला ती विटलेली चिंधी वाटेल. दादीला तिच्यात तिच्या लग्नाचा दिवस दिसत असेल. अब्बांच्या खणातला गंजलेला पाना त्यांच्या पहिल्या नोकरीचा असेल. तेव्हा आधी विचारा : “दादी, ही पेटी आज आपण दोघे मिळून आवरू या का?” दादी हो म्हणाल्या, तर पेटी आवरली जाईल आणि एखादी गोष्टही ऐकायला मिळेल. नाही म्हणाल्या, तर पेटी तशीच राहू द्या. रोज थोडे काम करण्याचा हाही एक फायदा आहे. घाई नसते, म्हणून विचारायला वेळ असतो.

कागदांबाबत तर फारच सावध राहा. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, घराची आणि जमिनीची कागदपत्रे एका पिशवीत नीट ठेवा. पवित्र ग्रंथांची जीर्ण पाने कधीही रद्दीत देऊ नका. ती मोठ्यांच्या हाती द्या. ती आदराने कशी ठेवायची, ते त्यांना माहीत असते. आणि न वाचता कोणताही जुना कागद फेकू नका. याचे खास कारण आहे. १९४८ सालापर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याचा सरकारी कारभार उर्दूत चालत असे. त्यामुळे येथील अनेक जुनी कागदपत्रे उर्दूत आहेत. २०२३ साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकाळातल्या जुन्या नोंदी शोधण्याचे काम तिच्याकडे होते. तेव्हा उर्दू आणि मोडी लिपी वाचणाऱ्या माणसांची मोठी गरज भासली. विचार करा, एखाद्या शेजाऱ्याच्या पेटीत त्याच्या आजोबांचा उर्दू कागद असेल. त्याला तो वाचता येत नसेल आणि म्हणून तो रद्दीत निघाला असेल. तुम्ही उर्दू शिकता. तो कागद वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगणे तुम्हालाच जमेल.

आता चौथ्या ढिगाकडे वळू. हा ढीग सर्वांत लहान का असावा, हे आपल्या शहराने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

शहराचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगावजवळ टाकला जात होता. गारखेड्यातून निघालेली फुटकी बादलीही तिथेच जाई आणि उरलेले अन्नही तिथेच जाई. सगळे एकत्र. त्याचा डोंगर झाला. आसपासच्या गावांना दुर्गंधी, माश्या, धूर आणि दूषित पाणी यांचा त्रास होऊ लागला. त्यांनी अनेकदा तक्रारी केल्या. अखेर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात तेव्हा रोज सुमारे चारशे टन कचरा निघत होता. तो जाणार कुठे? रस्त्यांच्या कडेला ढीग साचले. काही ठिकाणी ते पेटवले गेले आणि धुराने लोक हैराण झाले. दुसरीकडे कचरा टाकायचा प्रयत्न झाला, तर तिथल्या लोकांनीही विरोध केला. मार्च महिन्यात मिटमिटा येथे दगडफेक झाली. त्यात गावकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. पुढे चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल येथे कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभी राहिली. कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याचा प्रकल्प उभारण्यात आला. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा आग्रह सुरू झाला.

या घटनेतून एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण वस्तू ‘टाकली’ असे म्हणतो, तेव्हा ती आपल्या दारातून जाते. पण नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडते. आपला माळा रिकामा करून दुसऱ्याचे गाव भरणे याला सफाई म्हणता येणार नाही.

म्हणून प्रत्येक वस्तूला तिची योग्य जागा शोधून द्यायची. वर्तमानपत्रे आणि जुन्या वह्या रद्दीवाल्याला द्या. त्यांच्यापासून पुन्हा कागद, पुठ्ठा तयार होतो. लोखंड, पितळ, ॲल्युमिनिअम, काच आणि प्लॅस्टिक भंगारवाला वजनावर घेतो. जुने ॲल्युमिनिअम वितळवून पुन्हा वापरले, तर खनिजापासून नवे बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. म्हणजे तुमच्या घरातला चेपलेला डबादेखील मोलाचा आहे. हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या या माणसांशी आदराने बोला. शहराच्या कचऱ्याचा डोंगर त्यांच्यामुळेच थोडा लहान राहतो.

कपड्यांचेही तसेच. धडके, स्वच्छ कपडे धुऊन आणि बटणे लावून गरजूंना द्या. फाटका, मळका कपडा देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याला देणे होय. बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात नवी भांडी देते. ते कपडे पुढे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात विकले जातात. अगदी जुन्या सुती साड्या असतील, तर त्यांची गोधडी होते. मराठवाड्यात तिला ‘वाकळ’ असेही म्हणतात. चार-पाच थर एकावर एक ठेवून, धावदोऱ्याचे टाके घालून ती शिवतात. थंडीत तिच्यासारखी ऊब नाही.

वाचून झालेली गोष्टींची पुस्तके इतरांना वाचायला द्या. २०२१ साली आपल्या शहरात बायजीपुरा भागात मुलांसाठी ‘मोहल्ला बालवाचनालय’ सुरू झाले. एका शाळकरी मुलीने आपली स्वतःची पुस्तके मोहल्ल्यातील मुलांसाठी खुली केली आणि पुढे तशी वाचनालये इतर अनेक मोहल्ल्यांत निघाली. तिच्या घरातली पुस्तके कपाटातच राहिली असती, तर तीही एक दिवस अडगळच झाली असती.

काही वस्तू मात्र रद्दीतही देऊ नयेत आणि साध्या कचऱ्यातही टाकू नयेत. मुदत संपलेली औषधे, संपलेले सेल, पाऱ्याच्या ट्यूबलाइट, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे यांत विषारी पदार्थ असतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातील कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करण्यास सांगितले, ते यासाठीच. असे सामान वेगळ्या पिशवीत भरून, वर नाव लिहून कचरागाडीवरील कर्मचाऱ्याच्या हाती द्या. तुटलेली काच जाड कागदात गुंडाळून द्या, म्हणजे त्यांचा हात कापणार नाही. बंद पडलेले मोबाइल आणि रेडिओ ई-कचरा घेणाऱ्यांकडे पाठवा.

एवढे केल्यावर घर मोकळे होईल. ते मोकळे ठेवणे आणखी सोपे आहे. नवी वस्तू घरात आली, की एक जुनी वस्तू बाहेर गेली पाहिजे, असा नियम करा. वस्तू घेतली, की काम झाल्यावर ती पुन्हा तिच्या जागेवर ठेवा. आणि कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी एकदा विचारा : ही ठेवायची कुठे?

मुलांनो, सुरुवात दुसऱ्याच्या पेटीपासून करू नका. तुमची स्वतःची एक जागा आहे, तिच्याबद्दल कोणालाही विचारावे लागणार नाही. ती म्हणजे तुमचे दप्तर. आज घरी गेल्यावर पंधरा मिनिटे बसा आणि ते रिकामे करा. पेन्सिलीचे तुकडे, फाटकी पाने, गेल्या महिन्यातली सूचना, मित्राची परत न केलेली वही, सगळे सापडेल. वही उद्याच मित्राला परत द्या. तुमची पहिली वस्तू योग्य जागी पोहोचली असेल.

शब्दार्थ

माळा – घरात छताखाली सामान ठेवण्याची जागा
खण – कपाटाचा किंवा टेबलाचा एक कप्पा
परसदार – घरामागची मोकळी जागा
पिंप – पाणी साठवण्याचे मोठे भांडे
वाळवी – लाकूड व कागद खाणारा किडा
निकाल लावणे – काय करायचे ते ठरवून काम संपवणे
विटलेला – रंग उडालेला
शिधापत्रिका – राशन कार्ड
जीर्ण – खूप जुने झालेले
खंडपीठ – उच्च न्यायालयाची दुसऱ्या शहरातील शाखा
धडका – न फाटलेला, चांगला
बोहारीण – जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अडगळ कशाला म्हणतात?
(आ) रोज १५ मिनिटे काम केले, तर ३० दिवसांत किती तास होतात?
(इ) शंकेच्या वस्तूला कारखान्यात कोणत्या रंगाची चिठ्ठी बांधतात?
(ई) गोधडीला मराठवाड्यात आणखी काय म्हणतात?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दादीची पेटी आवरण्यापूर्वी त्यांना का विचारावे?
(आ) जुना कागद न वाचता का फेकू नये?
(इ) २०१८ साली गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या का अडवल्या?

३. रिकाम्या जागा भरा.
(अ) थेंबे थेंबे ______ साचे.
(आ) शहराला पाणी पैठणच्या ______ धरणातून येते.
(इ) डेंग्यूचा डास साठलेल्या ______ पाण्यात अंडी घालतो.

४. ‘रद्दी’, ‘कागद’, ‘सामान’ हे शब्द उर्दूतही आहेत. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : एक आठवडा रोज एक कोपरा आवरा. प्रत्येक दिवशी कोणती वस्तू निघाली आणि ती कोठे पोहोचवली, याची वहीत नोंद करा व वर्गात वाचून दाखवा.